आप्पांचं बत्तीस बोअर

परवानाधारक वारला की त्याच्या कपाटातलं हत्यार घरच्यांसाठी त्याच दिवसापासून बेकायदा ठरतं. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २१ तसं स्पष्ट सांगतं. हत्यार बाळगायचा हक्क संपला की विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ते जमा करायचं. आमच्या घरात हे एकालाही ठाऊक नव्हतं. दुकानातल्या दिवाणजींना होतं. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला सगळे नदीवर कावळा शिवायची वाट बघत बसले होते, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, मालकांचं ते बत्तीस आधी जमा करून टाका. तेरावा नंतर बी हुईल."

बत्तीस म्हणजे .३२ बोअरचं रिव्हॉल्वर. सरकारी कारखान्याचं, कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीतलं. सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, वजनाला पाऊण किलोच्या आतबाहेर. दिसायला अगदीच साधं. सिनेमात दाखवतात तसली चकाकी त्याला कधीच नव्हती, आणि म्यानात घासून घासून नळीच्या टोकाचा काळा रंग उडून पांढरं लोखंड दिसायला लागलं होतं.

आमचं गाव बालाघाटच्या रांगेतलं, तालुक्याचं. आप्पांची आडत. तूर, हरभरा, उडीद, पुढं सोयाबीन. नव्वदच्या दशकात मालाचे पैसे शेतकऱ्याच्या हातात रोख द्यावे लागायचे, तेही बऱ्याचदा त्याच दिवशी. जिल्ह्याच्या बँकेतून रोकड उचलायची, जीपमध्ये सीटखाली ठेवायची आणि अंधार पडायच्या आत घाट चढून यायचं. घाटात दोन-तीन व्यापाऱ्यांना लुटल्यावर आप्पांनी परवान्याचा अर्ज केला.

परवाना मिळाल्यावर हत्यार कुठलं घ्यायचं, हा प्रश्न त्या काळी फारसा प्रश्नच नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सामान्य माणसासाठी बाहेरून पिस्तूल-रिव्हॉल्वर आणणं बंद झालं. आधी देशात आलेली वेब्ली, वॉल्थर, कोल्ट एवढीच फिरत राहिली, या हातातून त्या हातात, आणि दर वेळी किंमत चढत गेली. जर्मनीत किंवा अमेरिकेत जुन्या बाजारात किरकोळ भावात मिळेल असं पिस्तूल आपल्याकडे लाखांच्या भाषेत बोललं जातं, त्याचं कारण हे. शिवाय .३८, .४५५, ९ मिलिमीटर ही मापं सामान्य नागरिकाला निषिद्ध. राहिलं काय, तर मुख्यतः .३२, .२५ आणि .२२. त्यात सरकारी कारखान्याचं .३२ हे एकच नवंकोरं, पावतीसह आणि आवाक्यातलं. म्हणून व्यापारी, डॉक्टर, पेट्रोल पंपवाले, सरपंच, सगळ्यांकडे तेच दिसायचं. इंग्रजी वेब्लीवाले त्याला नाक मुरडायचे. "सरकारी माल" या दोन शब्दांत त्यांची सगळी टीका यायची.

आप्पांनी कारखान्याच्या नावे डिमांड ड्राफ्ट पाठवला, बरीच वाट पाहिली आणि बोलावणं आल्यावर काकांना घेऊन रेल्वेनं कानपूरला गेले. येताना डब्यात दोघांनी आळीपाळीनं झोप काढली. रिव्हॉल्वर डब्यात, काडतुसं वेगळ्या पिशवीत, आणि परवाना आप्पांच्या बंडीच्या आतल्या खिशात. या प्रवासाची गोष्ट आप्पा घोळवून घोळवून सांगायचे. रिव्हॉल्वरची मात्र एकही गोष्ट त्यांच्याकडे नव्हती, कारण ते त्यांनी कधी कुणावर रोखलंच नाही.

दिवाणजींच्या सांगण्याप्रमाणे आम्ही ते जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. ठाण्यात देता आलं असतं, पण विक्रेत्याकडे द्यावं असं माझं मत होतं आणि अजूनही आहे. प्रत्येक निवडणुकीला आप्पांचं रिव्हॉल्वर ठाण्याच्या मालखान्यात जाऊन यायचं. आचारसंहिता लागली की नोटीस, नोटीस आली की जमा, निकाल लागल्यावर परत. एका पावसाळ्यानंतर ते परत आलं तेव्हा गोळ्या भरायच्या चक्रीवर तांबूस ठिपके होते. विक्रेता महिन्याचं भाडं घेतो, पण तेलाचा हात फिरवून ठेवतो. (सरसकट सगळ्यांची हत्यारं जमा करून घेणं आता नियमात बसत नाही. कुणाचं जमा करायचं हे छाननी समितीनं ठरवायचं असतं, आणि त्यामागे गोव्यातल्या एका प्रकरणात आपल्या उच्च न्यायालयानं दिलेला निकाल आहे. आमच्याकडे बहुतेक लोक नोटीस यायच्या आधीच स्वतःहून नेऊन देतात. वाद कोण घालणार?)

जमा केल्यावर तीन वाटा होत्या. विकायचं, सरकारजमा करायचं, नाहीतर कुणीतरी आपल्या नावावर घ्यायचं. दादा पुण्यात हिंजवडीला. त्याला नको होतं. आईनं तर "घरातनं गेलं ते बरं झालं" म्हणून टाकलं. दुकान मी चालवते, म्हणून मी म्हटलं, मी घेते. त्यावर चुलतभावानं जे तोंड केलं ते मला आजही आठवतं. "तुला? बाईमाणसाला?" शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसांची जी यादी आहे तिच्यात मुलगी आहे, सूनही आहे, बहीणही आहे. मी त्याला ते पान फोनवर पाठवलं. त्यानं उत्तर दिलं नाही.

वारसा म्हणून अर्ज केला की परवाना आपोआप मिळतो, असा एक समज आहे. तसं नसतं. वारसाला हत्याराबद्दल विचारात घेतात एवढंच, बाकी सगळी चौकशी नव्या अर्जदारासारखी. आप्पा हयात असतानाही हे करता आलं असतं, हे मला नंतर कळलं. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्यानं पंचवीस वर्षं हत्यार बाळगलं, की तो वारसाच्या नावानं ते देण्याचा अर्ज करू शकतो. ज्यांच्या घरी म्हाताऱ्या माणसाच्या नावावर हत्यार आहे त्यांनी हे आत्ताच करावं. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, त्यासाठी पुण्याहून दादाची सही, हे सगळं वाचतं.

अर्जाचा नमुना ए-१. तो ऑनलाइन भरायचा, मग छापून कागदांसह द्यायचा. सोबत घरात हत्यार कुठं, कसं कुलूपबंद ठेवणार याचं हमीपत्र, एस-२. डॉक्टरांचं प्रमाणपत्र, एस-३, ज्यात शरीराबरोबर मनाच्या स्वास्थ्याचंही लिहायचं असतं. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी असा नमुना पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी चष्मा पुसला, माझं बीपी मोजलं आणि विचारलं, "राग येतो का?" मी म्हटलं, आडत चालवते डॉक्टर, येणारच. त्यांनी हसून जिल्हा रुग्णालयात पाठवलं, आणि तेच योग्य होतं.

ग्रामीण भागात परवाना देणारे जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातून पोलीस अधीक्षकांकडे, तिथून उपविभागीय अधिकाऱ्याकडे, तिथून ठाण्यात, आणि तहसीलदारांचा अहवाल वेगळा. खाली येताना कागद भराभर येतो. वर जाताना प्रत्येक टेबलाशी विसावतो. मी एवढंच केलं की जावक क्रमांक विचारून वहीत लिहून ठेवले. क्रमांक सांगितला की फाईल सापडते. नाव सांगितलं की "बघून सांगतो".

ठाण्यातून चौकशीला हवालदार घरी आले. चहा घेतला, तिजोरी पाहिली, खिडकीचे गज हलवून बघितले. शेजाऱ्यांकडे जाऊन आले. मग ठाण्यात बोलावणं झालं आणि साहेबांनी जो प्रश्न विचारला तो मला सगळ्यात जास्त पटला. "आता तर सगळं आरटीजीएस नि फोनवर चालतंय. रोकड राहिली कुठं? मग तुम्हाला हे कशाला पाहिजे?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, रोकड पूर्वीच्या मानानं थोडी आहे. पण हंगामात ज्याचं बँक खातं कर्जात अडकलंय तो शेतकरी रोखच मागतो, आणि मी एकटी रात्री गाडी चालवत येते. घाट तोच आहे. साहेबांनी आणखी विचारलं, "आणि वेळ आली तर चालवाल?" मी म्हटलं, ते शिकल्याशिवाय सांगता येणार नाही. ते काहीच बोलले नाहीत, पण अहवाल अनुकूल गेला.

शिकणं ही या सगळ्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट ठरली. २०१६ च्या नियमांनी परवान्याआधी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. त्याचं प्रमाणपत्र एस-१. आप्पांच्या वेळी हे नव्हतं. त्यांना कानपूरच्या काउंटरवरच्या माणसानं जे दाखवलं तेवढंच. मी शहरातल्या एका रायफल क्लबात गेले. शिकवणारे निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे. पहिला सगळा वेळ त्यांनी गोळी हातातच दिली नाही. नळी कुठे बघतेय, बोट कुठे आहे, चक्री रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासलं का. समोरच्यानं "रिकामं आहे" म्हणत दिलं तरी पुन्हा उघडून बघायचं. टेबलावर ठेवतानाही नळी माणसांकडे आली की ते नुसते खाकरायचे.

स्वस्त हत्यारावर विश्वास टाकावा का, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी उलट विचारलं, "विश्वास कशावर टाकायचाय? आवाजावर की लागण्यावर?" मग त्यांनी जे समजावलं ते मला आयुष्यभर पुरेल. सरकारी .३२ ची घडण जुन्या वेब्लीवरून आली आहे. मधोमध बिजागर, वरची कळ अंगठ्यानं दाबली की नळी खाली झुकते आणि सहाही टरफलं एकदम वर उचलली जातात. पिस्तुलाच्या सरकत्या झाकणासारखं पुढंमागं धावणारं त्यात काही नाही. गोळीच्या धक्क्यावर पुढची गोळी भरण्याचं काम अवलंबून नाही. मॅगझिनची स्प्रिंग नाही. एखादी गोळी उडाली नाही तर चाप पुन्हा ओढला की चक्रीतलं पुढच्या गोळीचं घर समोर येतं. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या आणि कधीतरी एकदाच लागणाऱ्या हत्याराला याहून जास्त काय हवं?

दोषही त्यांनी लपवले नाहीत. चाप जड. कुत्रा, म्हणजे गोळीवर ठोका मारणारा मागचा घोडा, आधी न चढवता ओढलं तर सगळा पंजा कामाला लागतो आणि नेम हलतो. छोटी नळी, नेम धरायची माशी जाड, त्यामुळे दहा-पंधरा मीटरच्या पुढे फार बढाया मारू नयेत. आणि बिजागर ही जशी सोय, तशीच ती झिजायची जागा. झटका देऊन उघडायचं-मिटायचं, सिनेमात करतात तसं, हे केलं की नळी आणि सांगाड्यात फट पडायला लागते.

गोळीबद्दल मात्र त्यांचं मत वेगळं होतं. .३२ लाँग हे काडतूस स्मिथ अँड वेसननं १८९६ मध्ये काढलं. तडाखा बेताचा, म्हणून लोक त्याला हसतात. पण पंचवीस मीटर सेंटर फायर पिस्तूल या प्रकारात जगभरातले बहुतेक नेमबाज हेच काडतूस वापरतात, कारण ते सरळ जातं. आपला नेमबाज जसपाल राणा यानं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली तो हाच प्रकार. सुभेदारांच्या डोळ्यांत हे सांगताना जी चमक आली, ती बंदुकीपेक्षा आकड्याची होती.

परवाना हातात आला तेव्हा तूर संपून सोयाबीनची आवक सुरू झाली होती. आता मुदत पाच वर्षांची असते. २०१९ च्या दुरुस्तीआधी ती तीन वर्षांची होती. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, असा नियम केला (आधी तीन), आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावातल्या एका वरातीत हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी डीजे लावला, तो त्याहून वाईट.

विक्रेत्याकडून रिव्हॉल्वर ताब्यात घ्यायच्या आधी त्याच्या कारागिरानं ते माझ्यासमोर तपासलं. कुत्रा अंगठ्यानं सावकाश मागे ओढत त्यानं प्रत्येक घराला कान लावला. कुत्रा पूर्ण चढायच्या आधी चक्री जागेवर घट्ट बसते का, ते सहाही घरांना बघायचं. चक्री बोटांनी हलवून खेळ किती आहे ते बघितलं. नळी उजेडाकडे धरली. आतल्या आट्या स्वच्छ होत्या. बिजागर हलवून त्यानं मान डोलावली. "मालकांनी झटकून कधी उघडलं नाही बघा." आप्पा ते तांब्याभर दूध उचलावं तसं सांभाळून उचलायचे, हे त्याला कसं कळणार. त्यानं फक्त एक गोष्ट सांगितली, आणि ती सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. चामड्याच्या म्यानात कायम ठेवू नका. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि कमावताना त्यात राहिलेली रसायनं लोखंडाला खातात. नळीच्या टोकाचा रंग घासून गेला होता, पण गंज होता तो म्यानात टेकणाऱ्या बाजूलाच.

क्लबात आप्पांची जुनी काडतुसं घेऊन गेले. भिंतीतल्या कपाटात होती, त्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते. त्यातली काही उडाली नाहीत. टक् असा कोरडा आवाज आणि मग काहीच नाही. सुभेदारांनी लगेच हात वर केला. नळी समोर, हलायचं नाही, अर्धा मिनिट थांबायचं. उशिरा पेट घेणारी गोळी असू शकते. नंतर उघडून बघितलं तर काडतुसाच्या बुडाच्या टोपीवर ठोक्याची खूण खोल आणि मधोमध होती. म्हणजे रिव्हॉल्वरनं आपलं काम केलं होतं, दारूला ओल लागली होती. ती उरलेली काडतुसं परत वापरायची नाहीत, असं ठरलं.

नवी घेतली ती खडकीची. पुण्याचा हा दारूगोळा कारखाना १८६९ चा. काडतुसाच्या बुडावरच्या छापात, हेडस्टँपवर, इंग्रजीत के आणि एफ. परवान्याच्या मागच्या पानावर विक्रेत्यानं नोंद केली, तारीख, संख्या, सही. खडकीची काडतुसं एकही अडली नाहीत. चाप माझ्या हाताला जड जातो, म्हणून दुकानात हिशेब करता करता रबरी चेंडू दाबायची सवय लावून घेतली. दिवाणजी बघतात आणि काही बोलत नाहीत. आता दहा मीटरवर कुत्रा न चढवता मारलेल्या सहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत जातात. याहून चांगलं त्या रिव्हॉल्वरकडून मागणं चूक आहे, असं सुभेदार म्हणाले. "आणि तुमच्याकडून थोडं मागता येईल," हेही म्हणाले.

दरम्यान विक्रेता मागे लागला होता. हे जुनं द्या, वर पैसे घाला, नवीन घ्या. त्याच्याकडे आता दाखवायला बरंच आहे. २०१४ मध्ये निर्भीक नावाचं रिव्हॉल्वर आलं, सुमारे ५०० ग्रॅमचं, टायटॅनियमचा मिश्रधातू, बायकांच्या पर्समध्ये मावेल म्हणून जाहिरात, आणि किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. दिल्लीतल्या २०१२ च्या निर्भया प्रकरणानंतर ते नाव देऊन ते विकणं मला तेव्हाही खटकलं होतं. एवढे पैसे जिच्याकडे आहेत ती रात्रीच्या बसनं कशाला येईल? मग अशनी हे .३२ चं पिस्तूल. २०२० च्या अखेरीस वेब्ली नावाचं रिव्हॉल्वर उत्तर प्रदेशात संडीला इथं बनायला लागलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी शस्त्र कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, आणि त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं २०२३ मध्ये प्रबल हे रिव्हॉल्वर काढलं. त्याची चक्री बाजूला उघडते, बिजागराची भानगडच नाही. मी प्रबल हातात घेऊन बघितलं. चाप खरंच हलका. पुढच्या पिढीला पहिलं हत्यार घ्यायचं असेल तर मी तेच सांगेन.

पण माझ्याकडे जे आहे ते मला माहीत आहे. कुठली घरं किंचित घट्ट आहेत, गोळी थोडी डावीकडे जाते, चाप कुठपर्यंत आला की कुत्रा सुटणार. नव्याशी ही ओळख व्हायला पुन्हा काडतुसं, पुन्हा फेऱ्या, आणि काडतुसं स्वस्त नाहीत. हत्यारापेक्षा सरावावर पैसे घालवावेत हे माझं मत झालंय. शंभरातले नव्वद परवानाधारक उलटं करतात, आणि त्यांची पिस्तुलं दसऱ्याला हळदकुंकू लावून पुन्हा कपाटात जातात.

दादाला फोन करून विक्रेत्यानं जुन्याचा लावलेला भाव सांगितला. तो क्षणभर गप्प झाला.

"एवढेच?"

"एवढेच."

"मग राहू दे," म्हणाला, आणि सोयाबीनचा भाव विचारायला लागला.